बाग क्रमांक ६३ मधील देवगांडुळांना संरक्षणातून सोडवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
भूमिगत जीव संवर्धन कार्यालय,
दुसरा मजला, पंप दुरुस्तीच्या दुकानावर.

विषय : बाग क्रमांक ६३ मधील देवगांडुळांचे संरक्षण ताबडतोब थांबवून त्यांना जगू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे पहिले पत्र, जे लिहिले नसते तर बरे झाले असते.
२) आपल्या कार्यालयाचे 'संरक्षित बाग' प्रमाणपत्र.
३) आपल्या मोजणी अधिकाऱ्यांचे परवाचे पत्र, येत्या गुरुवारी माय-पिल्ले काचेच्या पेटीत भरून नेण्याविषयी.

महोदय,

'सविनय सादर' असे लिहिण्याची रीत आहे. विनय वर्षभर पुरवला, आता संपला. उरले ते सादर करते.

१. अर्जदार ही वर नमूद बागेची मालकीण असून तिचा नवरा सहमालक आहे. बाग कोकोची आहे. कोको उघड्या उन्हात करपतो, म्हणून वर जुनी उंच झाडे, मधे केळी आणि खाली कोको अशी ती तीन मजली आहे. त्याखाली जमिनीत चौथा मजला आहे, आणि हा अर्ज त्या मजल्यावरच्या कुळांविषयी आहे. बागेत पानगळ बारा महिने चालते. घोट्यापर्यंत पाला साचतो आणि कुजतो, त्याखालची माती बोटाने उकरावी इतकी भुसभुशीत राहते. फळे उतरवली की शेडसमोर बसून फोडायची, बिया आंबवण्याच्या पेट्यांत भरायच्या आणि टरफले मागच्या उताराला लोटायची, असे आमचे काम चालते. त्या टरफलांचा कंबरेइतका ढीग आहे. काळा, ओला, कुजका. त्याला वास येतो. आपल्या कार्यालयाची माणसे तिथे नाकाला रुमाल लावतात. अर्जदार गेली अठरा वर्षे तिथे नाक उघडे ठेवून काम करते आहे, आणि शपथेवर सांगते की त्या ढिगाची तिला कधी शिसारी आली नाही. शिसारी कशाची आली ते पुढे येईलच.

२. देवगांडूळ म्हणजे काय, हे आपण कार्यालयप्रमुख असल्यामुळे आपल्याला ठाऊक असेलच. आपल्या हाताखालच्यांना ठाऊक नव्हते, म्हणून लिहिणे भाग आहे. ते साप नाही आणि गांडूळही नाही. बेडकाच्या गणगोतातले, पाय नसलेले, बिळे करून मातीत राहणारे ते जनावर आहे. बोटाएवढे जाड, दीड वीत लांब, निळसर काळे, अंगावर पांढऱ्या वळ्या. डोळे असून नसल्यासारखे. कातडी कायम ओली, कारण ते कातडीतूनही श्वास घेते. वाळवी खावी, किडे-गांडुळे खावीत, माती सैल करावी आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असे राहावे, एवढाच त्याचा संसार.

अर्जदार लग्न होऊन बागेत आली तेव्हा तिलाही त्याची किळस यायची. फळे फोडणारी मावशी तर ते दिसले की कोयत्याने दोन तुकडे करायची आणि म्हणायची, "मेलं कसं गिळगिळीत आहे! बघितलं की जेवण जात नाही." अर्जदार काही लपवत नाही. दोन-तीन तिनेही मारली आहेत.

दोन वर्षांपूर्वी केळीचा एक कुजका खुंट बाजूला करताना अर्जदाराला खालच्या पोकळीत एक देवगांडूळ वेटोळे घालून पडलेले दिसले. ते काळे नव्हते, राखेसारखे फिकट झाले होते. त्याच्या वेटोळ्यात सात गुलाबी पिल्ले होती, करंगळीपेक्षा बारीक. ती मायच्या पाठीवरची कातडी दातांनी खरवडून खात होती आणि माय हलत नव्हती. अर्जदार तिथेच उकिडवी बसली. मावशीने शेडमधून आवाज दिला, "काय गं, हंडा सापडला का?" अर्जदार म्हणाली, "इकडे या. कोयता तिथेच ठेवून या." दोघी बसल्या. थोड्या वेळाने पिल्ले मायच्या शेपटाकडे गोळा झाली आणि बारीक आवाज करू लागली. मायने शेपूट जरासे उचलले. तिथून घट्ट पांढरे काहीतरी पाझरले आणि पिल्ले त्याला तोंड लावून पिऊ लागली. पाच लेकरे वाढवलेली मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! ही तर पाजतेय की!" त्या दिवसापासून मावशीने देवगांडुळावर कोयता उचललेला नाही. मावशीने कुठलेही प्रशिक्षण घेतलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

अर्जदार चौथी शिकलेली आहे. बाकीचे तिने हाती लागेल तो कागद वाचून मिळवले. जे पाहिले ते कुणा जाणत्याला कळावे, म्हणून तिने आपल्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिले. खुंट कुठला, पिल्ले किती, पाजते कशी, सगळे लिहिले. नवरा तेव्हाच म्हणाला होता, "झाकली मूठ सव्वा लाखाची, तू कशाला उघडतेस?" अर्जदार म्हणाली, "सरकारला कळलं तर जपतील." महोदय, या वाक्याची अर्जदाराला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

३. आपल्या कार्यालयाने बाग संरक्षित केली. फलक आला. तो रोवायला जागा कुठली, तर आपल्या माणसांना जिथे माती मऊ लागली तिथली. मऊ का लागली, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. खड्डा खणताना दोन देवगांडुळे कापली गेली आणि तिसरे काँक्रीट ओतताना तळाशी वळवळत होते. अर्जदाराने ओरडून सांगितले. गवंडी थांबला, पण साहेब म्हणाले, "ओत रे, सुकायला लागलंय." वर फलक लागला की येथे भूमिगत जीवांचे रक्षण केले जाते. गवंड्याने त्या दिवशी अर्जदाराच्या घरचा चहा घेतला नाही, मान खाली घालून गेला. साहेबांनी दोन वेळा घेतला.

४. हे साहेब म्हणजे आपले मोजणी अधिकारी. बागेत त्यांना सगळे 'फावडेसाहेब' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. आपल्या नियमाप्रमाणे दर तीन महिन्यांनी मोजणी होते. बागेत चाळीस चौकोन आखायचे, त्यातला पाला झाडून काढायचा म्हणजे फोटो स्वच्छ येतो, आणि प्रत्येक चौकोन फावड्याने दीड फूट खणायचा. अर्जदाराने पहिल्याच दिवशी विचारले, "साहेब, जे जमिनीत राहून वाचतं, त्याला वाचवायला जमीन खणायची?"

"बाई, जे दिसत नाही ते कागदावर येत नाही. आणि जे कागदावर नाही त्याचं रक्षण करायचं कसं?"

"कुजके ओंडके हळूच उचलून बघता येतं. मी दाखवते. बघायचं आणि परत ठेवायचं."

"त्याला रकाना नाही."

फावडेसाहेब माणूस वाईट नाहीत, असे अर्जदाराचा नवरा म्हणतो. घरी आले तर चपला बाहेर काढतात, आजारी गाईची विचारपूस करतात. असतील चांगले. ज्याला हातातले फावडे दिसत नाही, त्याच्या चांगुलपणाचे अर्जदाराने लोणचे घालायचे काय?

५. चौकोन आखायला आपले कार्यालय चुना वापरते. कोरडा चुना मुठीने सोडत रेघा मारायच्या, म्हणजे दुरून ठसठशीत दिसतात. दुसऱ्या मोजणीच्या वेळी रेघा आखल्या आणि पाऊस पडला. पावसात बिळे पाण्याने भरली की देवगांडुळे वर येतात, पाल्यावरून सरपटत दुसरीकडे जातात. यंदा पाला झाडलेला होता आणि चारी बाजूंनी चुना. ओल्या कातडीला चुना लागला की काय होते ते आपण स्वतःच्या डोळ्याच्या कडेला लावून पाहू शकता. अर्जदार सकाळी गेली तेव्हा रेघांवर अकरा जनावरे जुन्या दोरीच्या तुकड्यांसारखी पडली होती. काही मधोमध भाजून फुटली होती.

अर्जदाराने ती टोपलीत गोळा करून फावडेसाहेबांपुढे ठेवली. तिला वाटले, आता तरी हे डोक्याला हात लावतील. त्यांनी टोपलीत वाकून पाहिले, बोटाने मोजली आणि वहीत लिहिले : पृष्ठभागावर अकरा आढळले, वावर वाढला. मग म्हणाले, "बघितलंत? म्हणजे संरक्षणाचा फरक पडतोय." आणि ती अकरा बरणीत घालून घेऊन गेले.

६. आता मुख्य गोष्ट. अर्जदार ही शक्य तितक्या थंड डोक्याने लिहिते आहे.

फावडे दीड फूट आत गेले की वाटेत जे असेल ते कापले जाते. कापलेल्या देवगांडुळाचे दोन्ही तुकडे बराच वेळ वळवळतात. आपल्या मोजणीच्या सूचनेत लिहिले आहे की 'हालचाल करणारा प्रत्येक नग स्वतंत्र धरावा'. ही सूचना कुणी लिहिली ते अर्जदाराला माहीत नाही, पण त्याने आयुष्यात कधी माती हातात धरली नसावी. त्या सूचनेप्रमाणे एका जनावराचे दोन तुकडे म्हणजे दोन जनावरे. तीन झाले तर तीन. पहिल्या मोजणीत एकोणीस निघाली, दुसरीत एकतीस, तिसरीत चव्वेचाळीस आणि चौथीत बावन्न. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर बाग क्रमांक ६३ चा आलेख लावला आहे, तो पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. महोदय, ती कत्तलीची मोजदाद आहे. जितके घाव जास्त, तितकी वाढ जास्त. कसाईखान्याला पाळणाघराचे बक्षीस द्यावे तसे आपण आम्हाला प्रमाणपत्रावर तारा चिकटवून दिलात.

चौथ्या मोजणीला फोटोसाठी कुणीतरी हातात धरायला हवे होते. फावडेसाहेब म्हणाले, "मालकांनी धरलं तर लोकसहभाग दिसेल." अर्जदाराचा नवरा पुढे झाला. त्याला तोवर या प्रकाराचा अभिमान होता. फलक रोज फडक्याने पुसायचा, पाव्हणेरावळे आले की आधी फलकाकडे न्यायचा. त्याच्या उजव्या हातात एक तुकडा दिला, डाव्या हातात दुसरा. साहेब म्हणाले, "दोन्ही वर धरा. हसा." तो हसला. तो फोटोही आपल्या भिंतीवर आहे, आलेखाच्या बाजूला, खाली ओळ आहे की बागायतदार दोन निरोगी नमुन्यांसह.

त्यानंतर नवरा नळाखाली हात धरून बसला. साबण लावायचा, धुवायचा, वास घ्यायचा, परत साबण. जेवायला बसला तो ताटावरून उठला. अर्जदाराने विचारले, "काय झालं?" तर पुन्हा नळाकडे गेला. मग म्हणाला, "दोन्ही हातांत एकच जीव होता गं. इकडचा तिकडच्याला शोधत होता."

तेव्हापासून तो फलक पुसत नाही.

७. अर्जदार आपल्या कार्यालयात तीनदा आली. आपण तिन्ही वेळा दौऱ्यावर होता. तिसऱ्या वेळी ती आपल्या वरिष्ठ लिपिकांना भेटली. त्यांच्या टेबलावर 'तातडीचे' असे लिहिलेल्या फायली होत्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर एक बरणी ठेवली होती. बरणीत पिवळ्या पाण्यात आमच्या बागेतली अकरा जनावरे होती. लिपिक चहात बिस्किट बुडवून खात होते, आणि बोलता बोलता त्याच ओल्या बोटाने बरणीवर टकटक करत होते.

"बाई, आकडा वाढलाय. मग तक्रार कसली?"

"आकडा वाढलाय, जनावरं संपली. तुम्ही तुकडे मोजताय."

"तुकडा हलत होता का?"

"हलत होता."

"मग जिवंत होता. मृत नगांची नोंद वेगळ्या नमुन्यात होते, तो तुम्ही आणलेला नाही."

"अहो, तो अर्धा होता!"

लिपिकांनी अर्जदाराचा तक्रारीचा कागद तिच्याकडे सरकवला. म्हणाले, "तुम्ही यात चार ठिकाणी 'अर्धे' लिहिलंय. आमच्याकडे अपूर्णांक घेत नाहीत. पूर्णांकात लिहून आणा."

शेजारचे दुसरे लिपिक हसले आणि म्हणाले, "ताई, माझ्या साडूच्या बागेत एकपण निघत नाही. तुम्ही नशीबवान आहात." अर्जदाराने विचारले, "त्यांची बाग कधी खणली का?" तर म्हणाले, "नाही हो. तिथे काय आढळतच नाही, म्हणून आपलं कुणी जातच नाही."

अर्जदार कागद घेऊन जिना उतरली आणि खाली पंप दुरुस्तीच्या दुकानासमोर तिला ओकारी झाली. दुकानदाराने पाणी दिले आणि विचारले, "वर गेला होतात का?" म्हणजे असे होणारी ती पहिली नसावी. टरफलांच्या ढिगात अठरा वर्षे काढलेल्या बाईला आपल्या फिनाइलने पुसलेल्या कार्यालयात ओकारी येते, याचे कारण आपण शोधावे. तेवढ्यासाठी खणायची गरज पडणार नाही.

८. आपला आलेख काहीही म्हणो, अर्जदाराची मोजणी अशी आहे. पूर्वी बागेतला दर तिसरा-चौथा ओंडका उचलला की खाली एक तरी देवगांडूळ असायचे. गेल्या महिन्यात मावशीने आणि अर्जदाराने बागेतला प्रत्येक ओंडका, प्रत्येक खुंट हळूच उचलून परत ठेवला. काही नाही. माती कडक झाली आहे, पाला विरळ झाला आहे, चौकोनांच्या जागी ऊन पडून जमिनीला भेगा गेल्या आहेत. संबंध बागेत उरली आहे ती एक माय आणि तिची सहा पिल्ले. ती टरफलांच्या ढिगात, उताराच्या बाजूला आहेत. तिथे वास येतो म्हणून आपल्या माणसांनी कधी चौकोन आखला नाही. आपल्या संपूर्ण योजनेत त्यांना ज्याने वाचवले तो फक्त हा वास.

एवढे गुपित ठेवायला हवे होते. पण नवऱ्याला राहवले नाही. हात धुऊन त्याची घाण जाईना, म्हणून त्याने फावडेसाहेबांना फोन करून सांगितले, "साहेब, एकच उरलीय, पिल्लांसकट. आता तरी मोजणी थांबवा." त्याचा हेतू चांगला होता. पण आगीला तूप दाखवून आग विझत नाही. चौथ्या दिवशी संदर्भ ३ चे पत्र आले.

९. ते पत्र आपण वाचले नसेल असे धरून अर्जदार त्यातला मजकूर खाली देते. आपण वाचूनच पाठवले असेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा, कारण मग लिहिण्यासारखे काही उरत नाही.

येत्या गुरुवारी वरून समिती येणार आहे. समितीला 'मादी पिल्लांना दूध पाजताना' प्रत्यक्ष पाहायची आहे, कारण अर्जदाराच्या पहिल्या पत्रातले ते वर्णन आपण वर पाठवले होते. त्यासाठी माय-पिल्ले ढिगातून काढून काचेच्या पेटीत ठेवायची. पेटीत पांढरी कोरडी वाळू, म्हणजे काळे अंग उठून दिसते. वर दोन दिवे. पाजण्याची क्रिया सकाळी साडेदहा ते अकरा या वेळेत व्हावी, याची जबाबदारी बागायतदारावर. पिल्ले पाचपेक्षा कमी भरल्यास शेजारच्या बागेतून आणून संख्या पुरी करावी. आणि समितीला वास येऊ नये म्हणून बुधवारपर्यंत ढीग सपाट करून त्यावर औषध फवारावे.

अर्जदाराने हे पत्र मावशीला वाचून दाखवले. मावशी म्हणाली, "बाळंतिणीला चौकात आणून उजेडात बसवतात का कुणी? आणि वर म्हणायचं, पाज आता?" आपल्या कार्यालयात एवढी समज असलेले एखादे पद रिकामे असल्यास मावशी अर्ज करायला तयार आहे.

कोरड्या वाळूत आणि दिव्याखाली ती माय तास-दीड तास टिकेल. पिल्ले तेवढीही नाहीत. समितीला जे दिसेल ते पाजणे नसेल. दुसरीकडे हलवा म्हणाल, तर अर्जदाराने पूर्वी एकदा असा खुंट हलवला होता. दुसऱ्या दिवशी माय निघून गेली होती आणि पिल्लांना मुंग्या लागल्या होत्या. तो हात पुन्हा घालायची तिची छाती नाही.

१०. म्हणून आता मागणी.

आपल्या प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात कलम चौदा आहे. ते आपल्या कार्यालयात कुणी वाचले असेल असे वाटत नाही. त्यात असे आहे की, बागेत प्राणी आढळतो ही मूळ माहितीच चुकीची होती असे मालकाने शपथेवर लिहून दिल्यास आणि विभागीय अधिकाऱ्यांनी 'आढळत नाही' असा शेरा मारल्यास, बाग संरक्षणातून वगळली जाते, आणि पुढील दहा वर्षे तिथे कार्यालयाचा कोणताही माणूस कोणत्याही कारणाने खणणार नाही.

दहा वर्षे. एवढ्यात ती सहा पिल्ले मोठी होतील, पाला पुन्हा घोट्याला लागेल, माती मऊ होईल.

अर्जदाराने शपथपत्र करून सोबत जोडले आहे. त्यात तिने लिहून दिले आहे की, मी अडाणी बाई असून मला दिसली ती साधी गांडुळे होती. पिल्ले, दूध, कातडी हे सर्व मी मनाने रचले आणि चार पानी खोटे पत्र लिहून कार्यालयाचा वेळ घेतला. बागेत देवगांडूळ नाही, कधी नव्हते. कलमाप्रमाणे खोटी माहिती देणाऱ्यांच्या यादीत तिचे छायाचित्र आपल्या जिन्याजवळ लागेल, ज्याच्यावर कोकोला चढा भाव मिळतो तो सावलीतल्या बागेचा दाखला जाईल, आणि तिला आपल्या कार्यालयाशी पुन्हा कधीही पत्रव्यवहार करता येणार नाही. पहिल्या दोन शिक्षा आहेत, तिसरीला अर्जदार बक्षीस समजते.

ती पाजणारी माय अर्जदाराने आयुष्यात पाहिलेली सर्वांत खरी गोष्ट आहे. तीच खोटी होती असे लिहून देताना तिचा हात थांबला, हे ती नाकारत नाही. सहमालक म्हणून नवऱ्याचीही सही लागते. अर्जदाराला वाटले होते की तो कुरकुर करेल. लोक दाखल्यासाठी चपला झिजवतात, आपण कसा परत देतो, असे काहीतरी म्हणेल. त्याने वाचले, पेन मागितले आणि एवढेच विचारले, "गुरुवारच्या आत होईल ना?"

ते आपल्या हातात आहे. शेरा बुधवारी संध्याकाळपर्यंत पडला पाहिजे. शुक्रवारी पडला तर तो खरा ठरेल.

शपथपत्र दप्तरी ठेवावे. हा अर्ज मात्र वाचून फाडावा, कारण दोन्ही कागद एका फायलीत राहिले तर एखादा हुशार लिपिक ते ताडून पाहील आणि फावडे घेऊन येईल. मग फाडायचाच होता तर लिहिला कशाला, असे आपल्या मनात येईल. नुसते शपथपत्र धाडले असते तर आपण ते इतर कागदांसारखे न बघता पुढे ढकलले असते, आणि गुरुवार गाठला असता. शिवाय ज्या दोन शब्दांखाली आपण सही करणार, त्या दोन शब्दांनी नेमके काय झाकले जाते आहे, हे त्या इमारतीत निदान एका माणसाला ठाऊक असावे, असे अर्जदाराला वाटते.

नम्रपणा संपल्याने नुसतीच आपली,

(सही)
अर्जदार, बाग क्रमांक ६३

(सही)
अर्जदाराचा नवरा, सहमालक. सगळे वाचले, कबूल आहे.

(अंगठा)
फळे फोडणारी मावशी. विचारले नव्हते, तिने स्वतःहून उठवला.

दिनांक : ११, सोमवार

सोबत :
१) 'संरक्षित बाग' प्रमाणपत्र, मूळ, ताऱ्यासकट.
२) शपथपत्र, एक प्रत.
३) या अर्जाची दुसरी प्रत अर्जदाराने ठेवलेली नाही.